हक्काच्या घराची गोष्ट

प्रेमकथा, बायकांच्या जगण्याविषयीच्या कादंबऱ्या आणि मुलांसाठीच्या अद्भुतकथा अशा तिन्ही प्रकारांत लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न सतत विचारला जातो : यातलं तुमचं खरं लेखन कोणतं? विचारणाऱ्याने उत्तर मनाशी ठरवलेलं असतं. प्रेमकथा खपासाठी, मुलांच्या गोष्टी विरंगुळा म्हणून, आणि स्त्रीजीवनावरची गंभीर कादंबरी तेवढी खरी. ही प्रतवारी मला मान्य नाही. तिन्ही प्रकारांत दीर्घकाळ काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की त्यांचा विषय मुळात एकच आहे. ज्याला आपलं म्हणावं असं घर नाही, त्याला ते कसं मिळतं, किंवा का मिळत नाही, हा तो विषय. त्या माणसाच्या हातात किती सत्ता आहे, यावर कथेचा प्रकार ठरतो. मुलाला स्वतःचं घर बदलता येत नाही, म्हणून त्याच्या गोष्टीत जादू लागते. तरुण मुलीला निवड करता येते, निदान कथेत तरी येते, म्हणून प्रेमकथा त्या निवडीभोवती फिरते. संसारात शिरलेल्या बाईची निवड झालेली असते, किंवा तिच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी करून टाकलेली असते. तिच्या कादंबरीला जादूही वापरता येत नाही आणि लग्नाचा शेवटही उरलेला नसतो. तिथे फक्त काळ असतो, आणि त्या काळात आपल्यासाठी जागा करून घेण्याची धडपड.

मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे पटायला हरकत नसावी, कारण आपल्या कानावर पडणारी पहिली गोष्टच घराची असते. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, एकाचं घर वाहून जातं, आणि दुसरी दार उघडायला वेळ लावते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला आपण निवाऱ्याची, शेजाराची आणि बंद दाराची गोष्ट सांगतो आणि तिला बालकथा म्हणतो. भोपळ्यात बसून परतणारी म्हातारीही तशीच. ती लेकीकडे निघाली आहे, वाटेत वाघ-कोल्हे आहेत, आणि लेकीच्या घरी चार दिवस खाऊनपिऊन धष्टपुष्ट होण्याची तिला आस आहे. मुलांना त्यातला धावणारा भोपळा आवडतो. मोठेपणी तीच गोष्ट पुन्हा आठवली की लक्षात येतं, एकट्या म्हाताऱ्या बाईला पोटभर जेवण लेकीच्या घरी मिळतं, तिच्या स्वतःच्या घरी नाही, आणि तिथवर पोचायला रान ओलांडावं लागतं. एवढ्याशा गोष्टीत अद्भुत आहे आणि बाईच्या आयुष्याची कादंबरीही आहे. ज्यांनी ती रचली आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्या बायकांनी हे दोन प्रकार वेगळे काढले नव्हते.

या विधानाला लिखित साहित्यातला आधार शोधताना माझ्यासमोर सर्वात ठळकपणे एक नाव येतं, एव्हा इबॉटसन. इंग्रजीत लिहिणारी ही लेखिका 1925 मध्ये व्हिएन्नात ज्यू वंशाच्या कुटुंबात जन्मली. आई अ‍ॅना ग्माइनर लेखिका, वडील शरीरशास्त्रज्ञ. दोघं वेगळे झाले आणि मुलीचं बालपण या घरातून त्या घरात जाण्यात गेलं. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि मध्य युरोपातले त्यांचे पाश तुटत गेले. मुलगी इंग्लंडमध्ये वाढली. पुढे तिने शरीरशास्त्राचं शिक्षण घेतलं, लग्न केलं, न्यूकॅसलमध्ये चार मुलं वाढवली, मासिकांसाठी कथा लिहिल्या. पहिलं बालपुस्तक, ‘द ग्रेट घोस्ट रेस्क्यू’, 1975 मध्ये आलं तेव्हा ती पन्नाशीत होती. राहत्या वास्तूंतून हुसकली गेलेली भुतं आणि त्यांच्यासाठी अभयारण्य मागणारा एक मुलगा, असा त्याचा विषय. निर्वासितांचीच ही कथा, भुतांच्या रूपात सांगितलेली. त्यानंतर प्रौढांसाठीच्या प्रेमकादंबऱ्या आल्या. त्यांपैकी ‘मॅजिक फ्लूट्स’ला ब्रिटनमधल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेचा पुरस्कार मिळाला. 1993 मधल्या ‘द मॉर्निंग गिफ्ट’मध्ये नाझींनी व्यापलेल्या व्हिएन्नात अडकलेल्या मुलीशी एक इंग्रज प्राध्यापक केवळ तिला बाहेर काढण्यासाठी लग्न करतो. लंडनमध्ये मिळेल त्या खोल्यांत राहणारे, एका छोट्या चहागृहात जमून आपलं गेलेलं शहर आठवणारे विद्वान आणि वादक त्या कादंबरीत आहेत. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ प्लॅटफॉर्म 13’ या बालकादंबरीत किंग्ज क्रॉस स्टेशनखालचं एक गुप्त दार दर नऊ वर्षांनी फक्त नऊ दिवस उघडतं, आणि पळवून नेलेल्या राजपुत्राला घरी आणायला चमत्कारिक मंडळी त्यातून येतात. सीमा बंद होण्याची भीती, मुदत संपण्याची धाकधूक, घरी परतण्याचा हक्क. ज्या लेखणीने एका वर्षी निर्वासितांची प्रेमकथा लिहिली तिनेच पुढच्या वर्षी हे लिहिलं, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पण माझ्या मुद्द्याचा सर्वात भक्कम पुरावा इबॉटसनच्या दोन वेगळ्या पुस्तकांत आहे. ब्राझीलमधलं मनाउस हे रबराच्या पैशावर उभं राहिलेलं अ‍ॅमेझॉनकाठचं शहर. तिथलं भव्य ऑपेरागृह 1896 मध्ये सुरू झालं. या शहरावर तिने दोनदा लिहिलं. 1985 मध्ये ‘अ कंपनी ऑफ स्वान्स’ ही प्रौढांसाठीची प्रेमकादंबरी, आणि 2001 मध्ये, पतीच्या निधनानंतर, ‘जर्नी टू द रिव्हर सी’ ही मुलांची साहसकादंबरी. (तीत जादू नाही, पण अद्भुतकथेची चौकट पुरेपूर आहे : अनाथ मुलगी, दुष्ट पालक, जंगल, गुप्त वारस.) दोन्हींचा काळ पहिल्या महायुद्धाच्या थोडा आधीचा. दोन्हींत इंग्लंडमधलं कोंदट जगणं सोडून एक मुलगी नदीमार्गे मनाउसला जाते. दोन्हींत तिला असा पुरुष किंवा मुलगा भेटतो, ज्याच्या आयुष्यावर इंग्लंडमधल्या एका वडिलोपार्जित वास्तूची सावली आहे. इथवर सामग्री जवळजवळ तीच. पण प्रेमकादंबरीतल्या रॉमला स्टेव्हली हवं आहे. ते हातचं गेलं म्हणून तो परदेशी आला, आणि कथा त्याला त्या वास्तूकडे परत नेते. मुलांच्या पुस्तकातल्या फिनला वेस्टवुड मुळीच नको आहे. त्याला शोधायला आलेल्या माणसांपासून तो लपतो, त्याच्या जागी क्लोव्हिस हा बालनट इंग्लंडला जातो, आणि फिन आपल्या नदीवर राहतो. मूळ वास्तू एका पुस्तकात मिळवायची आहे आणि दुसऱ्यात टाळायची आहे, तरी दोन्हींत प्रश्न एकच आहे : माणसाचं घर वारशाने ठरतं की ओढीने? प्रौढ रॉमकडे पैसा आहे, कायदेशीर अधिकार आहेत, म्हणून त्याची ओढ खरेदीखतापर्यंत जाऊ शकते. फिनकडे पळून जाण्यापलीकडे काही नाही, म्हणून त्याच्या कथेत वेषांतर आणि अदलाबदल येते. सत्ता कमी झाली की कथेला युक्ती वाढवावी लागते, आणि सत्ता जवळजवळ शून्य झाली की जादू आणावी लागते. मुलांच्या त्याच पुस्तकातलं, अनाथ मुलीच्या पालकांचं, म्हणजे कार्टर कुटुंबाचं घर आठवा. बाहेर एवढं मोठं जंगल, आणि आत खिडक्या बंद, किडामुंगीशी अखंड युद्ध, डब्यातलं इंग्लिश अन्न. छप्पर आहे, पत्ता आहे, आणि तरी अनाथ मायासाठी ते घर नाही. हे दृश्य मुलांसाठी लिहिलेलं आहे, पण ज्या बाईने सासरी अशा बंद खिडक्यांआड वर्षं काढली असतील तिला ते समजावून सांगावं लागणार नाही.

प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर हा एकपणा टेबलावर जाणवतो, आणि फरकही तिथेच कळतात. अद्भुतकथेत सर्वात अवघड काम जादू सुचण्याचं नसतं. ती सुचते. अवघड असतं तिला अटी घालणं. दार कधी उघडेल, किती वेळ, त्याची किंमत काय, आणि कुठलं दुःख ते दूर करू शकणार नाही, हे आधी ठरवावं लागतं. अटी सैल पडल्या की मुलं सर्वात आधी ओळखतात आणि पुस्तक मिटतात. प्रेमकथेत हीच शिस्त अडथळ्याला लागू होते. दोघांनी पाच मिनिटं मोकळेपणी बोलल्याने जो गैरसमज सुटला असता त्यावर तीनशे पानं उभी राहत नाहीत. अडथळा खरा हवा : पैसा, जात, धर्म, आजारी आई, धाकट्यांची जबाबदारी, एकाचं गाव सुटत नाही आणि दुसऱ्याला गावात श्वास घेता येत नाही. मराठीत दोन माणसं ‘अहो’वरून ‘अरे’वर कधी येतात, याच्यावर एखादं प्रकरण तोललेलं असतं, ते एका पानाने लवकर आलं तरी सगळं विस्कटतं. स्त्रीकेंद्री कादंबरीत मात्र काळ सांभाळावा लागतो, कारण तिथे एका घटनेने काही पालटत नाही. स्वयंपाकघरातली भांडी कुणाच्या सोयीने लावली आहेत, आजारपणात कुणाच्या उशाशी कोण बसतं, विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं, अशा तपशिलांतूनच त्या घरातलं बाईचं स्थान वाचकाला कळतं. हे तपशील बघण्याची सवय मला कादंबरीने लावली, आणि अटी पाळण्याची सवय मुलांच्या गोष्टींनी. दोन्ही सवयी एकमेकींच्या कामी येतात. राक्षसाच्या गुहेत झोपायची जागा कुठे आहे, हे ज्या पानावर ठरलेलं असतं तिथे मुलाला राक्षसाची भीती जास्त वाटते.

यावरचा सर्वात गंभीर आक्षेप प्रेमकथेच्या शेवटाविषयी आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. आक्षेप असा : एका पुस्तकात तुम्ही लग्नाला सुखाचा शेवट म्हणता आणि दुसऱ्यात त्याच लग्नाने बाईचं काय केलं ते दाखवता, हा दुटप्पीपणा नाही का? ज्या समाजात मुलीला माहेरी ‘परक्याचं धन’ आणि सासरी ‘बाहेरून आलेली’ म्हटलं जातं, तिथे लग्नालाच घर म्हणणं ही फसवणूक नाही का? या आक्षेपात खूप तथ्य आहे. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि देशभरात तो 2005 मध्ये आला. म्हणजे आज संसारात असलेल्या असंख्य बायका अशा काळात वाढल्या, जेव्हा जन्मघरात त्यांचा वाटा भावाइतका नव्हता. तेव्हा प्रेमकथेच्या शेवटी दार उघडतं ते कुणाच्या मालकीच्या घराचं, हे विचारायलाच हवं. पण म्हणून ती कथाच खोटी, हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि त्यासाठी मी मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळाकडे बोट दाखवेन. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. यमूच्या तोंडून सांगितलेली ही कहाणी आपण विधवेच्या छळाची कादंबरी म्हणून लक्षात ठेवतो, आणि ती तशी आहेच. पण तिचा मध्यभाग पुन्हा वाचावा. यमू आणि रघुनाथ मुंबईत वेगळं बिऱ्हाड करतात, तो तिला शिकवतो, मित्रमंडळी जमतात, बोलणं-वाचणं होतं. ती सरळ सरळ प्रेमकथा आहे, आणि तिचं सुख भाड्याच्या, पण दोघांच्या स्वतःच्या घरात आहे. रघुनाथ जातो, तिला पुण्याला सासरी आणलं जातं, तिचं केशवपन होतं. या शेवटाची धार येते कुठून? आपण ते मुंबईचं घर पाहिलेलं असतं म्हणून. सुखाची शक्यता ज्या कादंबरीत कधी दिसलीच नाही, तिच्यातला अन्याय वाचक हवामानासारखा स्वीकारतो. प्रेमकथा हे काम करते. काय मिळू शकलं असतं याचं माप ती देते, आणि त्या मापाशिवाय स्त्रीकेंद्री कादंबरीला काही मोजता येत नाही.

1933 मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहावर एवढं वादळ उठलं त्याचंही कारण हेच असावं असं मला वाटतं. त्यातल्या शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या पगारावर घर चालतं, पण त्या घरात त्यांच्या इच्छेला जागा नाही. तो काळ ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांच्या लोकप्रियतेचा होता. सुशिक्षित तरुण-तरुणींची प्रेमं मराठी वाचक मिटक्या मारत वाचत होता. प्रेम वाचायला हरकत नव्हती. त्या प्रेमाची भूक एका कमावत्या मुलीने स्वतःच्या आवाजात सांगितली, तेव्हा हरकत आली. प्रेमकथेतली इच्छा आणि स्त्रीकेंद्री लेखनातला हिशेब एकाच पानावर आल्याबरोबर समाज खडबडून जागा झाला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हे प्रकार वेगळे ठेवण्यात वाचनालयाची सोय असेल, पण ते एकत्र आले की त्यांची ताकद वाढते, हे त्या पुस्तकाने दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप कसाचा आहे. तीन ठिकाणी हात घालणारा कुठेच खोल जात नाही, असं म्हणतात. आपल्याकडचा दाखला याच्या उलट आहे. गौरी देशपांडे यांनी मध्यमवर्गीय बाईच्या नात्यांविषयी, लग्नाबाहेरच्या आणि लग्नातल्या प्रेमाविषयी मराठीत अतिशय निर्भीड लेखन केलं. आणि त्यांनीच बर्टनच्या इंग्रजी ‘अरेबियन नाइट्स’चा सोळा खंडांत अनुवाद केला. हे दोन वेगळे उद्योग मानणं मला जमत नाही. शहरजादची चौकट बघा : रोज एका नववधूचा जीव घेणारा राजा, आणि रात्रीमागून रात्री गोष्ट सांगून स्वतःचा आणि राज्यातल्या मुलींचा जीव वाचवणारी बाई. तिच्यापाशी सत्ता नाही, म्हणून ती अद्भुत वापरते. शयनगृह, विवाह, मृत्यूची भीती आणि उडते गालिचे, सगळं एकाच छपराखाली आहे. शांता शेळके यांनी प्रेमगीतं लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या, मुलांसाठी लिहिलं, आणि लुईसा मे अल्कॉटच्या कादंबरीला ‘चौघीजणी’ करून मराठी घरांत आणलं. रत्नाकर मतकरींनी ‘अलबत्या गलबत्या’ आणि प्रौढांच्या गूढकथा एकाच ताकदीने लिहिल्या. यातलं कोण उथळ राहिलं? खोली एका जागी खणण्यावर अवलंबून असेल तर ती जागा म्हणजे प्रश्न असतो, साहित्यप्रकार नसतो.

प्रकाशक आणि पालक यांच्याकडून येणारा आक्षेप व्यवहारातला आहे. प्रौढ प्रेमकादंबरीवरचं नाव मुलांच्या पुस्तकावर दिसलं तर आई-वडील गोंधळतील, म्हणून टोपणनाव घ्या. वाचकाला आपण काय हातात घेतो आहोत हे कळायला हवं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मुलांच्या पुस्तकात मुलांना पेलेल तेवढंच असावं, याबद्दलही माझं दुमत नाही. पण ते काम मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि वयोगटाची नोंद करू शकते. शिवाय या भिंती आपण समजतो तेवढ्या पक्क्या नाहीत. इबॉटसनच्या प्रौढांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या पुढे किशोरवयीन वाचकांसाठी नव्या मुखपृष्ठांसह आल्या. ‘अ काउंटेस बिलो स्टेअर्स’ला तर ‘द सीक्रेट काउंटेस’ असं नवं नावही मिळालं. कथा तीच राहिली आणि कपाट बदललं. मुलांसाठी लिहिलेल्या तिच्या ‘विच विच?’मध्ये एक जादूगार चेटकिणींची स्पर्धा लावून बायको निवडतो. प्रेमकथेचा आणि स्वयंवराचा हा साचा मुलांनी बिनतक्रार स्वीकारला आहे. टोपणनावाने होणारं नुकसान मात्र खरं आहे. दहाव्या वर्षी ज्या लेखिकेने मुलीला परीच्या देशातून सुखरूप घरी आणलं, तिनेच तिसाव्या वर्षी तिच्या संसाराविषयी लिहिलं आहे, हे त्या वाचक मुलीला कधी कळतच नाही. आयुष्यभराची सोबत होऊ शकली असती ती तुटते.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण परतवू शकत नाही. सुखान्ताची सवय लागलेली लेखणी इतिहास मऊ करून टाकते. मनाउसचं ऑपेरागृह ज्या रबरावर उभं राहिलं, त्या रबरासाठी अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या आदिवासींवर भयानक अत्याचार झाले. इबॉटसनच्या दोन्ही पुस्तकांत आदिवासी दिसतात ते बहुधा प्रेमळ यजमान म्हणून. त्यांचं घर कुणी घेतलं हा प्रश्न कडेला राहतो. घर हरवण्याचं दुःख इतक्या जवळून जाणणाऱ्या लेखिकेकडूनही हे घडलं. माझ्या मते ही या प्रकारांची अपरिहार्य मर्यादा नाही, तर नायिकेला घर देताना ते कुणाच्या जमिनीवर उभं आहे हे न पाहण्याचा दोष आहे. आपल्याकडेही परीराज्यातली झोपडी, प्रेमकथेतला डोंगरावरचा बंगला आणि कादंबरीतला ब्लॉक लिहिताना ही चौकशी व्हायला हवी : इथे आधी कोण राहत होतं, आणि या घराची धुणीभांडी करणारी बाई रात्री कुठे जाते? ती बाई तिन्ही प्रकारांत आहे. तिन्हींत ती फारशी बोलत नाही.

महाराष्ट्रातल्या ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंतच्या सगळ्या सार्वजनिक वाचनालयांना म्हणून माझी विनंती आहे. बालविभाग वेगळा ठेवा, तो हवाच. पण एकाच लेखकाची मोठ्यांसाठीची आणि मुलांसाठीची पुस्तकं वर्षातून एकदा तरी एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा, आणि आईने तिचं व मुलीने तिचं पुस्तक त्या एकाच टेबलावरून घरी न्यावं असं बघा.